चोपन्न लाख किलोमीटर लांबीची गाडी

प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनापासून मी शोधाला सुरुवात केली, कारण पुस्तक रशियन आहे एवढं मला पक्कं ठाऊक होतं. लहानसं, पातळ, खिशात मावेल असं; आत साधी रेषाचित्रं आणि त्यांत आगगाडी. नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही. तिथल्या, सोव्हिएत पुस्तकं मराठीत आणणाऱ्या लोकवाङ्मय गृहाच्या पुस्तकांमधून फिरताना माझ्याजवळ खूण म्हणून होती ती फक्त एक गोष्ट.

मनमाडचे माझे मामा रेल्वेत गार्ड होते. सुट्टीत आम्ही भाचरं जमलो की जेवणं उरकल्यावर अंगणात मामा ती गोष्ट काढत. एक गाडी आहे, इतकी लांब की तिचं इंजिन कुठल्या मुलखात आणि गार्डाचा डबा कुठल्या, ते एकमेकांना कळू नये. गाडीच्या अगदी मध्यावर एक दिवा. दिवा लागला की उजेड पुढे आणि मागे धावतो, आणि उजेड जाऊन पोचला की टोकाचं दार आपोआप उघडतं. गाडीतल्या उतारूंच्या घड्याळात दोन्ही दारं एकाच क्षणी उघडतात, नवव्या सेकंदाला. फलाटावरच्या स्टेशनमास्तरच्या घड्याळात मात्र मागचं दार पाचव्या सेकंदाला उघडतं आणि पुढचं पंचेचाळिसाव्या. "आता सांगा, खोटं कोण बोलतंय?" असं विचारून मामा सुपारी कातरत बसायचे. कोणी उतारूंच्या बाजूचं, कोणी मास्तरच्या. मामांचा निकाल ठरलेला असे : दोघंही खरं बोलतायत.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. पण मधल्या काळात विज्ञानाची कितीतरी पुस्तकं वाचली, काल आणि अवकाश यांवरची भारी भारी पुस्तकं वाचली, तरी 'एकाच वेळी' म्हणजे नेमकं काय हे मला पुन्हा कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नाही. म्हणून ते पुस्तक हवं होतं.

सोव्हिएत पुस्तकांची आठवण आमच्या पिढीत पुष्कळांना आहे. मॉस्कोचं मीर, प्रोग्रेस, रादुगा. गुळगुळीत कागद, भक्कम बांधणी आणि किंमत अशी की शाळेतल्या पोरानं खाऊच्या पैशातून घ्यावं. ती किंमत खरी नव्हती, तिच्यामागे एका सरकारची तिजोरी होती आणि त्या सरकारचा हेतूही होता. तरी त्यामुळे एक गोष्ट घडली आणि ती मी फार मोठी मानते : जगातल्या पहिल्या रांगेच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेलं पुस्तक तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळच्या प्रदर्शनात, भाजीच्या दरात मिळू लागलं. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि हा ओघ आटला.

फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर जे विक्रेते अजून तग धरून आहेत, त्यांच्याकडे मी पुष्कळ वेळ काढला. रशियन पुस्तकं आहेत. इरोदोवचा भौतिकीच्या गणितांचा संग्रह तर ढिगानं आहे, कारण आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलं अजून तो सोडवतात. याकोव्ह पेरेलमानची मनोरंजक भौतिकी आहे, १९१३ साली पहिल्यांदा निघालेली आणि अजून छापली जाणारी. चाकाचा वरचा भाग खालच्यापेक्षा वेगानं का धावतो, हे मला शाळेच्या वयात पेरेलमाननंच समजावलं होतं. पण दिव्याची गाडी त्यात नाही. ज्या पुस्तकाला परीक्षा चिकटली आहे ते टिकलं, ज्याला मोठं नाव चिकटलं आहे तेही टिकलं. नुसत्या कुतूहलासाठी लिहिलेलं पातळ पुस्तक या ढिगात तळाशी जातं, मग रद्दीत. विक्रेत्यानं मला सरळ विचारलं, "मॅडम, नाव नाही, लेखक नाही, तर मी शोधू काय?" त्याचं म्हणणं रास्त होतं.

मग मी सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडून मनमाडला निघाले. मामी तिथंच राहते. पुस्तक नाही तर निदान त्याचा माग तिच्याकडे असेल असं वाटलं.

कसाऱ्याला गाडी थांबली आणि मागून बँकर इंजिनं लागली. थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे, पुढच्या एकट्या इंजिनाच्यानं तो निघत नाही. मामा सांगायचे, घाटात गार्डानं मागच्या इंजिनाचा आवाज ओळखायला शिकलं पाहिजे. मी खिडकीशी बसून वहीत ते तीन आकडे लिहिले : पाच, पंचेचाळीस, नऊ. लहानपणचे आकडे, खरे की मनानं रचलेले कोण जाणे. बोगद्यांमागून बोगदे जात होते, आणि अचानक लक्षात आलं की आकडे खरे असतील तर ते एकमेकांशी जुळलेच पाहिजेत.

फलाटावरून पाहिलं तर मागचं दार दिव्याच्या उजेडाला सामोरं येत असतं, पुढचं दार उजेडापासून पळत असतं. मागच्या दारासाठी उजेडाचा आणि गाडीचा वेग यांची बेरीज करायची, पुढच्यासाठी वजाबाकी. अंतर दोन्हीकडे सारखंच, अर्धी गाडी. एकीकडे पाच सेकंद लागतात आणि दुसरीकडे पंचेचाळीस, म्हणजे बेरीज ही वजाबाकीच्या नऊपट. उजेडाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग गाडीचा वेग दोन लाख चाळीस हजारच हवा, दुसरा चालणारच नाही. बेरीज पाच लाख चाळीस हजार. तिला पाचनं गुणलं की सत्तावीस लाख किलोमीटर, ही अर्धी गाडी. पूर्ण गाडी चोपन्न लाख किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत चौदा वेळा पुरेल एवढी. आणि गाडीतल्या उतारूंसाठी? सत्तावीस लाख भागिले तीन लाख. नऊ!

इगतपुरी आली तेव्हा मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "चांगली बातमी का?" मी म्हटलं, "हो, फारच." मामांनी आम्हाला सांगितलेले तिन्ही आकडे एकमेकांना धरून होते. म्हणजे गोष्ट मामांनी अंगणात रचलेली नव्हती. कोणीतरी टेबलाशी बसून, तोंडी हिशेब करता यावा म्हणून असे सुटसुटीत आकडे निवडले होते.

मनमाडजवळ आलं की दक्षिणेला अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि हडबीची शेंडी आभाळात बोट उभारून असते. गाव मात्र रेल्वेनंच घडवलेलं. पुलांचे गर्डर बनवणारा रेल्वेचा कारखाना, अन्न महामंडळाची गोदामं, गुप्तसर साहिब गुरुद्वारा, दौंडकडे जाणारा फाटा, आणि निजामाच्या राज्यात शिरणारी ती जुनी मीटरगेज, जी आता रुंद झाली आहे. पाण्याचे हाल मी गेले तेव्हाही संपलेले नव्हते. मामीच्या ओट्यावर पिंपांची रांग होती आणि नळाला पाणी येण्याचा वार तिला तोंडपाठ होता.

"ते पुस्तक होय!" मामी म्हणाली. "अगं, ते घरात कधी राहिलंच नाही. त्यांच्या पेटीत असायचं."

पेटी म्हणजे गार्डाची लाइन बॉक्स. लाल-हिरवी झेंडी, हातदिवा, रुळावर ठेवायचे फटाके, कागदपत्रं असं सगळं त्या लोखंडी पेटीत, आणि गाडी निघण्याआधी हमाल ती डोक्यावरून ब्रेकव्हॅनमध्ये नेऊन ठेवी. त्या पेटीत झेंड्यांखाली एक इंग्रजी पुस्तक. मामांचं इंग्रजी रेल्वेच्या नियमपुस्तिकेपुरतं. मामी सांगत होती, "रात्री डिक्शनरी घेऊन बसायचे. एकेक ओळ लावायचे. मी म्हणायची, परीक्षा आहे का? तर म्हणायचे, अगं, हे गार्डासाठीच लिहिलंय."

इतकी वर्षं मी मराठी पुस्तक शोधत होते. मराठी होतं ते मामांचं सांगणं.

आणि 'गार्डासाठीच लिहिलंय' हे त्यांचं म्हणणं मला तिथं, त्या ओट्यावर, पुरतं उमगलं. गार्डाचा सगळा जीव वेळेत अडकलेला असतो. गाडी कुठे किती वाजता आली, किती वाजता सुटली, कुठे का थांबली, हे सगळं तो गाडीच्या अहवालात लिहितो. रेल्वेत त्याला सीटीआर म्हणतात. त्याची वेळ आणि स्टेशनमास्तरच्या रजिस्टरातली वेळ जुळली नाही तर विचारणा होते, अपघात झाला असेल तर चौकशी होते आणि कोणाची तरी नोकरी जाते. एक खरा, दुसरा खोटा. तिसरी वाट नाही. अशा माणसाच्या हाती एक पुस्तक पडतं आणि सांगतं की गाडीतल्या घड्याळानं एक वेळ दाखवली, फलाटावरच्या घड्याळानं दुसरी, तरी दोघांनीही चोख काम केलेलं असू शकतं. कॉलेजात शिकलेल्या माणसाला हा एक सिद्धांत वाटेल. मामांना ती त्यांच्या नोकरीवरची गोष्ट वाटली. पुस्तकाला त्याचा खरा वाचक पदवीनं मिळत नाही, कामानं मिळतो, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

मामा यालाच जोडून आणखी एक सांगत. देशभर १९०६ पासून एकच प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईनं आपली जुनी वेळ सोडली नाही; ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ शहरात १९५५ पर्यंत चालत राहिली. एका शहरात दोन घड्याळं आणि लोक दोन्ही पाहून कामं करत होते. अर्थात ती माणसांनी ठरवलेली तफावत, आणि पुस्तकातली निसर्गाची. हा फरकही मामा न विसरता सांगत, म्हणून मला त्यांच्याबद्दल अधिक आदर वाटतो.

संध्याकाळी मी दादरच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन लावला. आधीही त्यांना विचारलं होतं, पण तेव्हा माझ्याजवळ नुसती गाडी होती. आता वेग होता, लांबी होती. मी दोन लाख चाळीस हजार म्हटलं आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "लांदाऊ आणि रूमर. 'सापेक्षतेचा सिद्धांत म्हणजे काय' अशा अर्थाचं नाव आहे. त्यातली आइन्स्टाइनची गाडी ती हीच."

मामीला मी हे सांगितलं तेव्हा तिला नावांचं काहीच वाटलं नाही. तिला वेगळीच गोष्ट आठवली. मामा निवृत्त झाले तेव्हा पेटी जमा केली, पण पुस्तक भुसावळला रनिंग रूममध्येच राहिलं आणि पुढे त्यांच्या एका जोडीदारानं ते घरी नेलं. "काका अजून आहेत तिथं. जा, भेट. मीही सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी मनमाडहून पुढची गाडी धरली. नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव. उजवीकडे अजिंठ्याचे डोंगर बराच वेळ सोबत येतात, मग काळी जमीन पसरत जाते, कापूस, आणि जळगावच्या पुढे केळी. त्या वाटेवर माझ्या डोक्यात ते दोन लेखक होते.

लेव लांदाऊ १९०८ साली बाकूला जन्मला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांत त्याची गणना होते. युरी रूमर त्याच्याहून सात वर्षांनी मोठा, ग्योटिंगेनला मॅक्स बॉर्नकडे काम करून आलेला. २८ एप्रिल १९३८ ला दोघांनाही एकाच दिवशी अटक झाली. स्टालिनच्या दहशतीचा तो काळ. प्योत्र कापित्सा या थोर शास्त्रज्ञानं लांदाऊसाठी थेट वरपर्यंत पत्रं लिहिली, त्याची हमी घेतली, आणि वर्षभरानं तो सुटला. रूमरसाठी कोणाचं काही चाललं नाही. त्यानं दहा वर्षं कैदेत काढली, कैदी शास्त्रज्ञांकडून विमानांची कामं करवून घेणाऱ्या संस्थांमध्ये, आणि नंतर सैबेरियात येनिसेइस्कला हद्दपारी. पुढे नोवोसिबिर्स्कला त्याचं आयुष्य पुन्हा उभं राहिलं. १९५९ साली या दोघांचं पुस्तक निघालं, ज्याला सूत्रं येत नाहीत अशा माणसासाठी. १९६२ च्या जानेवारीत दुब्नाच्या रस्त्यावर लांदाऊच्या मोटारीला भयंकर अपघात झाला, त्याच वर्षी द्रव हेलियमवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं, आणि १९६८ मध्ये तो गेला.

ज्यांच्या आयुष्यातली वर्षं कोणीतरी दुसऱ्यानं हिरावून घेतली, त्यांनी वेळेबद्दल इतकं प्रसन्न, इतकं निर्मळ पुस्तक लिहावं, याचं मला नांदगाव ते चाळीसगाव नवल वाटत राहिलं. आणि ते मनमाडच्या एका गार्डापर्यंत पोचावं, याचं त्याहून अधिक.

भुसावळला काका स्टेशनवर घ्यायला आले होते. पांढरा सदरा, ताठ पाठ, हातात घड्याळ. "ये पोरी. तुझी गाडी अकरा मिनिटं लेट," हे त्यांचं पहिलं वाक्य. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून; काकांना ते पसंत आहे. "नाव मोठं केलं, चांगलं केलं," म्हणाले.

पुस्तक त्यांनी कपाटातून काढलं ते तपकिरी कागदाचं वेष्टण घातलेलं. पाठ सुटलेली, सुताच्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेली. पहिल्या पानावर मामांची सही. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नावांची उतरंड : कोणी गार्ड, कोणी ड्रायव्हर, कोणी फायरमन. नावापुढे पुस्तक नेल्याचा दिवस आणि कुठे नेलं ते. खंडवा. बडनेरा. इगतपुरी. परत खंडवा. रनिंग रूममध्ये दुसऱ्या गावची माणसं ड्यूटी संपवून येतात, जेवतात, झोपतात आणि परतीच्या गाडीची वाट पाहतात. त्या वाट पाहण्यात मामा हे पुस्तक मराठीतून आणि मोडक्या हिंदीतून सांगायचे. ज्याला इंग्रजी वाचता येई तो घेऊन जाई. "आणि आणून देई," काका म्हणाले. "रनिंग रूममधली बादली गेली, मच्छरदाणी गेली, पण हे पुस्तक कोणी ठेवून घेतलं नाही."

मी पान उलटून गाडी शोधली. चोपन्न लाख किलोमीटर. दोन लाख चाळीस हजार. पाच आणि पंचेचाळीस. पुढे तीच गाडी दुसऱ्या स्टेशनाला निघते, शहाऐंशी कोटी चाळीस लाख किलोमीटरवरच्या. स्टेशनच्या घड्याळात एक तास होतो आणि उतारूच्या घड्याळात छत्तीस मिनिटं. हे छत्तीस मी पार विसरले होते. समासात मामांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'ओव्हरटाइम कोणत्या घड्याळानं?'

काकांची नात भुसावळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र घेऊन. ती रात्री आमच्यात येऊन बसली. तिनं पुस्तक आधी वाचलं होतं आणि तिची एक तक्रार होती. "आजोबा मानत नाहीत. पण गाडी एवढ्या वेगानं चाललीय तर स्टेशनमास्तरच्या मोजणीत ती आखूडही झाली पाहिजे ना? चोपन्न लाखांच्या जागी बत्तीस लाख चाळीस हजार. मग पाच आणि पंचेचाळीस कसे येतील?"

आम्ही तिघांनी मांडलं. अर्धी गाडी सोळा लाख वीस हजार. भागिले पाच लाख चाळीस हजार, तीन सेकंद. भागिले साठ हजार, सत्तावीस सेकंद. मुलीचं बरोबर होतं. काकांनी दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा तपासले आणि मग म्हणाले, "पण सत्तावीस हे तीनच्या नऊपटच आहे. पंचेचाळीस पाचच्या नऊपट होतं." तेही बरोबर होतं. गाडी आखूड झाली तरी दोन दारांमधलं प्रमाण हलत नाही, ते फक्त वेगावर ठरतं. पुस्तक पायरी पायरीनं चढतं : दिव्याच्या पानावर लांबीचं आकसणं अजून आलेलंच नसतं, तिथं वाचकाच्या मनातलं 'एकाच वेळी' तेवढं सैल करायचं असतं. पट्टी आखूड होते ती पुढच्या पायरीवर. नातीला हे पटलं, पण तिनं विचारलं, "मग समासात लिहू का? तीन आणि सत्तावीस?"

काकांनी तिला पेन्सिल दिली.

पुस्तक काकांनी मला दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. सकाळी स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स काढायला ते स्वतः बरोबर आले, शिवण उसवू नये म्हणून पानं स्वतःच्या हातानं धरून बसले. निघताना म्हणाले, रनिंग रूममध्ये आता तरुण मुलं आहेत, बिहारची आहेत, आंध्रची आहेत, आपल्याकडचीही आहेत. आपल्याकडच्यांना मामांसारखं सांगणारं कोणी नाही. दिव्याचं प्रकरण मराठीत उतरवून पाठवशील का? नात टाइप करेल. मी हो म्हटलं. परतीच्या गाडीत पाचोऱ्यापासून लिहायला बसले. मामांची वाक्यं आठवत गेली तशी तीच घेतली, फक्त त्यांनी गाळलेलं तेवढं पुस्तकातून भरलं. कल्याणपर्यंत दोन्ही दारं उघडली होती. छत्तीस मिनिटांचं गणित या आठवड्यात पाठवते आहे.